शंभूच्या हातातली बंदूक

शिकारी शंभूचे डोळे वाचकाला दिसत नाहीत. शिकारी टोपी थेट नाकावर उतरलेली, नाकाखाली झुपकेदार मिशी, त्याखाली सुटलेले पोट. एवढ्या भांडवलावर हा गृहस्थ १९८३पासून उभा आहे. गोष्टीही त्याच थाटाच्या. शंभू नावाजलेला शिकारी, पण मनातून पक्का भित्रा. वाघ समोर आला की झाडावर चढायचे, फांदी मोडायची, नेमके वाघाच्या पाठीवर पडायचे, आणि मग गावाने त्याला खांद्यावर घेऊन नाचायचे. ‘टिंकल’ या मुंबईच्या इंग्रजी बालमासिकासाठी लुई फर्नांडिस यांनी हे पात्र कल्पिले आणि वसंत हळबे यांनी ते कागदावर उतरवले. चाळीस वर्षे उलटली. या काळात शंभूच्या रूपात काय बदलले, काय टिकले, आणि जे बदलले ते का, हे छापील पुराव्यावरून लावता येईल तेवढे लावून पाहावे, एवढाच या लेखाचा उद्योग.

पुरावा म्हणजे जुने अंक. पुण्याजवळच्या निगडी प्राधिकरणाच्या वसाहतीत ऐंशी-नव्वदच्या दशकात वाढलेल्या मुलांच्या माळ्यांवरून ते निघतात आणि निगडीच्या टिळक चौकाच्या आसपास रद्दीवाल्यांकडे पोचतात. पण रद्दीतल्या अंकाला मुखपृष्ठ असेलच असे नाही. मधली पाने असतात, पिना गंजलेल्या असतात, आणि साल-महिना छापलेले नेमके पान फाटलेले असते. मग तारीख ठरवायची कशी? मासिकावरच्या प्रकाशकाच्या मजकुरावरून. ‘टिंकल’ १९८०मध्ये अनंत पै यांनी इंडिया बुक हाउसतर्फे सुरू केले. ‘अमर चित्र कथा’ही याच घरची. पत्ता महालक्ष्मी चेंबर्स, भुलाभाई देसाई रोड. इंग्रजी पत्त्यात शहराचे नाव ‘बॉम्बे’ असेल तर तो अंक बहुधा १९९५च्या नामांतराआधीचा, ‘मुंबई’ असेल तर नंतरचा. इंडिया बुक हाउसऐवजी ‘एसीके मीडिया’ दिसले की २००७ किंवा त्यापुढचे, कारण त्या वर्षी हा सगळा व्यवसाय नव्या कंपनीकडे गेला. किंमत, जाहिराती, चित्रातले टेलिफोन आणि दूरचित्रवाणी संच हे दुय्यम साक्षीदार. त्यांच्यावर एकट्यादुकट्याने विसंबू नये. चित्रकार जुनाच फोन पुढे दहा वर्षे काढत राहू शकतो.

याहून मोठा सापळा डायजेस्टांचा. ‘टिंकल डायजेस्ट’ आणि ‘डबल डायजेस्ट’ यांत जुन्या गोष्टी पुन्हा छापल्या जातात. अंक नवा, किंमत नवी, मुखपृष्ठ नवे, आतली गोष्ट मात्र पंधरा-वीस वर्षांपूर्वीची. डायजेस्टची तारीख हीच गोष्टीची तारीख धरली तर शंभूच्या हातात बंदूक येते, जाते आणि परत येते असा चमत्कारिक इतिहास तयार होतो. रंगांचेही तसेच. जुन्या पद्धतीत चित्रकार काळ्या शाईत रेषा काढी आणि रंग वेगळ्या टप्प्यावर भरले जात. त्यामुळे तीच रेषा पुढे नव्या रंगांत छापता येते. शर्टाच्या रंगावरून शंभूचे वय सांगणे म्हणूनच धोक्याचे. मी रेषेला आणि वस्तूंना पुरावा मानतो. रंगाला नाही.

व्यंगपात्राच्या रूपाचा इतिहास लिहायची जी प्रसिद्ध रीत आहे ती मिकी माउसची. १८ नोव्हेंबर १९२८ला ‘स्टीमबोट विली’ पडद्यावर आला तेव्हाचा मिकी टोकदार तोंडाचा, बारीक हातापायांचा, बराचसा खट्याळ उंदीर होता. १९२९मध्ये त्याच्या हातांवर पांढरे मोजे चढले, १९३९च्या सुमारास डोळ्यांना बुबुळे आली. पुढे जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९७९च्या एका निबंधात मिकीची चक्क मोजमापे घेतली. डोक्याच्या लांबीच्या तुलनेत डोळे २७ टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर गेले होते. वय वाढत असताना मिकीचा चेहरा मात्र लहान मुलासारखा होत गेला, कारण मोठे डोळे आणि मोठे डोके पाहून माणसाला आपोआप माया येते. हा निबंध वाचला की पट्टी घेऊन कुठल्याही पात्रावर बसावेसे वाटते.

शंभूपाशी ही पट्टी निरुपयोगी ठरते. मोजायला डोळेच नाहीत. टोपीच्या कडेखाली डोळे झाकण्याची युक्ती जगाला नवी नव्हती. मॉर्ट वॉकर यांचा आळशी शिपाई बीटल बेली १९५०पासून तसाच वावरतो आहे. पण साम्य म्हणजे उसनवारीचा पुरावा नव्हे, आणि दोघांच्या टोप्या कामेही वेगवेगळी करतात. बीटलच्या टोपीखाली झोप दडलेली असते, शंभूच्या टोपीखाली भीती. शंभू घाबरला आहे हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून गावकऱ्यांनाही कळत नाही. वाचकाला मात्र ते थरथरणाऱ्या गुडघ्यांवरून, हवेत उडालेल्या बुटांवरून, घामाच्या थेंबांवरून कळते. म्हणजे टोपी नुसती विनोदी दिसावी म्हणून नाही, गोष्टीचे अख्खे कुलूप-किल्ली तिच्यात आहे. ख्याती आणि वास्तव यांच्यातली फट ती झाकते. चेहऱ्यावर डोळे काढले असते तर गावाची फसवणूक दुसऱ्या चौकटीत संपली असती.

याचा आणखी एक फायदा आमच्यासारख्यांना झाला. ‘टिंकल’ इंग्रजी. बजाजमध्ये किंवा टेल्कोत नोकरीला असलेल्या घरांतली बरीच मुले मराठी शाळेत जात. संवादातले निम्मे शब्द अडत, तरी शंभू अडत नसे. अंगविक्षेपांवर चालणारे पात्र भाषेचे फारसे देणे लागत नाही. निगडीला तसे कार्टूनचे वावडे कधीच नव्हते. दुर्गा टेकडीजवळच्या ‘अप्पूघर’ला नावच १९८२च्या दिल्ली एशियाडच्या शुभंकर हत्तीचे मिळालेले आहे. पण अप्पूला गोष्ट नव्हती, शंभूला होती. आणि ज्याला गोष्ट असते तोच रद्दीत गेल्यावरही कुणीतरी पुन्हा विकत घेतो.

हळब्यांकडे वळण्याआधी त्यांचा गोतावळा पाहायला हवा. ‘टिंकल’ची भाषा इंग्रजी होती, हात मात्र पुष्कळसे मराठी होते. कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा, तंत्री मंत्री अशोक डोंगऱ्यांचा, सुपंडी राम वाईरकरांचा. वाईरकर तर ‘अमर चित्र कथा’तल्या ‘कृष्ण’चे चित्रकार, म्हणजे या सगळ्या प्रपंचाच्या पायातले. लेखन इंग्रजीत, संपादन अनंत पैंचे, आणि चौकटीतल्या माणसांची बसण्या-उठण्याची ढब मात्र मुंबई-पुण्याची. आपल्याकडे दिवाळी अंकांतल्या व्यंगचित्रकारांची नावे घरोघरी माहीत असतात. या मंडळींची चित्रे घरोघरी पोचली, नावे पोचली नाहीत. मराठी व्यंगचित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी हा कप्पा इंग्रजी मासिकाचा म्हणून बाजूला ठेवला, हे मला पटत नाही. शंभूच्या पोटात चिं. वि. जोशींच्या चिमणरावाचा थोडा अंश आहे असे मला वाटते: घरात नरम, बाहेर नाइलाजाने पराक्रमी, आणि प्रत्येक फजितीतून नशिबाच्या जोरावर सुटणारा. कथालेखक फर्नांडिस असल्यामुळे हे नाते कागदोपत्री सिद्ध होण्याजोगे नाही. ते चित्रात दिसते, एवढेच. शंभूची बायको शांती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली की वाघापेक्षा तीच त्याला भारी पडते, तेव्हा तर फारच दिसते.

आता बंदुकीकडे येऊ. शंभूच्या पोशाखात टोपीखालोखाल महत्त्वाची वस्तू तीच. आणि इथे कागद बोलू लागतात, फक्त ते मासिकाचे नव्हेत, कायद्याचे आहेत. भारतात वाघाच्या शिकारीवर १९७०मध्ये बंदी आली. १९७२मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा झाला, त्याच वर्षीच्या गणनेत देशात १,८२७ वाघ उरल्याचे निघाले. १९७३मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत आपले मेळघाट होते. शंभू जन्मला १९८३मध्ये. म्हणजे वाघाची हौशी शिकार बेकायदा होऊन तेरा वर्षे लोटल्यावर ‘टिंकल’च्या पानावर एक धंदेवाईक शिकारी अवतरला. (ही गोष्ट लहानपणी कुणाच्याही ध्यानात आली नाही. शिकारी हा पोस्टमनसारखाच एक सरकारमान्य पेशा असावा, अशी आमची समजूत होती.)

याचा अर्थ संपादकांना कायदा ठाऊक नव्हता, असा काढणे घाईचे होईल. १९७२चा कायदा बारकाईने वाचला तर चित्र जास्त गुंतागुंतीचे दिसते. वाघासारखे पहिल्या अनुसूचीतले प्राणी पूर्ण संरक्षित होते. इतर काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मात्र त्या कायद्याखाली मिळू शकत होते. ही वाट १९९१च्या दुरुस्तीने बंद केली. शिवाय माणसाच्या जिवाला धोका झालेल्या प्राण्याबद्दल मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीचा अपवाद होता. आणि कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे शिकार म्हणजे नुसते मारणे नव्हे, पकडणे आणि सापळा लावणेही तिच्यात येते. आता शंभूच्या गोष्टी आठवा. त्याला बोलावणे येते ते गावात धुमाकूळ घालणाऱ्या प्राण्यासाठी, किंवा पळालेल्या अथवा प्राणिसंग्रहालयासाठी हव्या असलेल्या प्राण्यासाठी. शेवटी प्राणी जिवंत हाती लागतो. शंभूचे काम बहुतेक वेळा कायद्याने ठेवलेल्या अपवादांच्या आसपास घुटमळत असे. हे ठरवून झाले असेल असे मी म्हणत नाही. मुलांच्या मासिकात प्राणी मेलेला दाखवायचा नाही एवढा साधा संकेत पाळला, तरी गोष्ट आपोआप त्याच जागी येऊन बसते.

म्हणून माझे म्हणणे असे की शंभूचे रूप जन्मतःच जुने होते. ती टोपी, तो खाकी थाट, ती खांद्यावरची बंदूक हे १९८३च्या कुठल्याही माणसाचे कपडे नव्हते. जिम कॉर्बेटचे कुमाऊंतल्या नरभक्षकांवरचे पुस्तक १९४४ साली मुंबईतूनच छापून निघाले होते. त्या पिढीतल्या साहेबी शिकाऱ्याची ही वेशभूषा. संस्थानिकांच्या दिवाणखान्यातल्या छायाचित्रांत, वाघाच्या अंगावर बूट ठेवून उभ्या असलेल्या माणसांच्या डोक्यावर, ती अजूनही दिसते. हळब्यांनी तो सगळा रुबाब उचलला आणि त्याच्या आत एक भेदरलेला माणूस घातला. टोपी एक-दोन मापे मोठी केली की साहेबाचा विदूषक होतो, हे त्यांना नेमके ठाऊक होते. बंदुकीची थट्टाही अशीच. ती मिरवायला असते. जी बंदूक गोष्टीला लागतच नाही, ती एक दिवस काढून टाकली तरी गोष्टीचे काही बिघडत नाही. पुढे झालेही तेच.

हळब्यांच्या पश्चात शंभू सॅव्हिओ मॅस्करेन्हास यांच्याकडे आला. पात्र एका हातातून दुसऱ्या हातात जाते तेव्हा रूपाच्या इतिहासात हमखास एक सांधा उमटतो. चित्रपट कारखान्यात अशा वेळी पात्राचे सर्व बाजूंनी काढलेले नमुनापत्रक असते, पन्नास माणसे एकच मिकी काढू शकतात ती त्याच्या जोरावर. मासिकाच्या चित्रकाराचे नमुनापत्रक त्याच्या मनगटात असते. ते वारशाने मिळत नाही. चेहऱ्यात सगळ्यात अवघड नक्कल डोळ्यांची. जुन्या वाचकाला पहिल्याच चौकटीत ‘हा तो नव्हे’ असे वाटते ते नजरेमुळे. शंभूच्या बाबतीत ही अडचण टोपीने आधीच सोडवून ठेवली होती. टोपी, नाक, मिशी जागच्या जागी बसली की शंभू ओळखू येतो, मग हात कुणाचाही असो. माझ्या मते शंभू पहिल्या चित्रकाराच्या पश्चात टिकला याचे मोठे श्रेय त्या टोपीला आहे.

बदलली ती रेषा आणि बदलली ती आजूबाजूची जागा. हळब्यांची रेषा मोकळी, थोडी घाईची, जुन्या मराठी हास्यचित्रासारखी. पार्श्वभूमीला दोन झाडे आणि एक दगड पुरे. मॅस्करेन्हास यांचा शंभू गोलसर, घोटीव आणि जास्त चपळ. तो पडतो तेव्हा चौकट हादरते, आणि त्याच्यामागचे जंगल नुसता पडदा राहत नाही. मला व्यक्तिशः हळब्यांचा शंभू आवडतो, पण दोन्ही शेजारी ठेवून पाहिले तर नव्या शंभूचे प्राणी सरस आहेत हे मान्य करायला हवे. जुन्या वाघाला शंभूवर हल्ला करण्यापलीकडे काम नव्हते. नव्या वाघाला स्वतःचा वैताग आहे, कुतूहल आहे, क्वचित शंभूची दयाही येते. सहानुभूतीचे केंद्र माणसाकडून प्राण्याकडे थोडे सरकले, आणि रेषा तिकडे गेली.

याच सरकण्याबरोबर बंदूक गेली. शंभू शिकारी राहिला तो नावापुरता. कामाने तो वन्यजीवांचा रक्षक झाला, चोरट्या शिकाऱ्यांच्या वाटेत, अर्थात चुकूनच, आडवा येऊ लागला. मासिकाच्या संपादकांनी हा बदल जाणूनबुजून केल्याचे उघडपणे सांगितलेही आहे. पण बारकाईने पाहा: पोट तेच, मिशी तीच, टोपी तीच, भीती तीच. मिकीच्या बाबतीत पन्नास वर्षांत चेहरा बदलला आणि हातातले मोजे टिकले. शंभूच्या बाबतीत चेहरा टिकला आणि हात रिकामा झाला. गूल्डच्या पट्टीने हा बदल मोजता येणार नाही, कायद्याच्या पुस्तकाने येतो. आणि कायदा इथे बराच पुढे चालत होता. १९७०, १९७२, १९९१ असे टप्पे आधी पडले, चित्र त्यामागून आले. लोकांच्या मनातली शिकाऱ्याची प्रतिमा कायद्याने संपत नाही. ती संपायला एक पिढी जावी लागते, आणि मुलांचे मासिक त्या पिढीच्याच चालीने चालते.

सुपंडीशी तुलना केली की हे आणखी स्पष्ट होते. तोही १९८३चाच. त्याच्या पहिल्या गोष्टी त्रिचीच्या एका वाचकाने पाठवल्या होत्या, आणि ते चमत्कारिक आकाराचे डोके दिले राम वाईरकरांनी. २००३मध्ये वाईरकर गेल्यावर सुपंडी त्यांची मुलगी अर्चना अंबेरकर काढू लागली. इथे मनगट खरोखरच वारशाने आले. पण सुपंडी मूळचा गावातल्या मालकाचा गडी. तसा घरगडी नव्या वाचकाच्या जगातून कमी होत गेला तसा सुपंडी शहरी नोकऱ्या धरू लागला आणि पोशाखाने शहरी झाला. डोके मात्र तसेच. दोन्ही पात्रांत मानेच्या वरचा भाग चित्रकाराने सांभाळला आणि मानेच्या खालचा काळाने बदलून घेतला.

शेवटी ‘लिटल शंभू’ आला. लहानपणीचा शंभू, आधीच प्राण्यांच्या भानगडीत सापडलेला. २००७चे ‘बाल गणेश’, २००८चा ‘छोटा भीम’ यांच्या लाटेकडे पाहिले तर याचे नवल वाटू नये. आपल्याकडे देवांनाही रांगावे लागले, तिथे शिकाऱ्याची काय कथा. गूल्डने मिकीत पाहिलेले बालपण इथे वेगळ्या मार्गाने आले. जुना चेहरा हळूहळू बाळसेदार करण्याऐवजी पात्रालाच सरळ मागे शाळेच्या वयात नेऊन बसवले. मोठ्या शंभूला त्यामुळे हात लावावा लागला नाही, हा त्यातला शहाणपणा.

शंभूचे काम आज खऱ्या जगात कोण करते, हे पाहायला आपल्या निगडी-चाकण पट्ट्याबाहेर जावे लागत नाही. मार्च २०२४मध्ये चाकणच्या एका मोटार कारखान्यात बिबट्या शिरला. काम थांबले. वनखात्याची माणसे आणि जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्राचे पथक आले, काही तासांनी बिबट्याला भुलीचे औषध देऊन जिवंत ताब्यात घेतले गेले. फांदी मोडली नाही, कुणाला खांद्यावर घेऊन मिरवणूक निघाली नाही. पण गोष्टीचा आराखडा ओळखीचा आहे: माणसांच्या वस्तीत प्राणी, बाहेरून बोलावलेला तज्ज्ञ, आणि शेवटी जिवंत प्राणी. आणि बिबट्यासमोर उभे राहताना गुडघे थरथरत नसतील, असे कोण म्हणेल?

जुने आणि नवे शंभू मात्र आजही एकाच वेळी विकले जातात. डायजेस्टच्या मुखपृष्ठावर घोटीव रेषेचा, रिकाम्या हाताचा शंभू. आत एखाद्या गोष्टीत हळब्यांचा मोकळ्या रेषेचा शंभू खांद्यावर बंदूक टाकून उभा. नऊ-दहा वर्षांच्या वाचकाला हे दोन काळ आहेत हे कळण्याचे कारण नाही. त्याच्या लेखी शंभू कधी बंदूक नेतो, कधी घरी विसरतो, आणि शंभूचा स्वभाव पाहता हे स्पष्टीकरण वाईटही नाही. ज्याला इतिहास लावायचा आहे त्याची मात्र यात अडचण होते. पुनर्मुद्रित गोष्टीच्या कोपऱ्यात मूळ अंकाचे साल आणि चित्रकाराचे नाव असे दोन शब्द छापले, तर पुढच्या माणसाला प्रकाशकाच्या पत्त्यातले ‘बॉम्बे’ शोधत बसावे लागणार नाही. हळब्यांचे नाव तर त्या निमित्ताने निदान शंभूइतक्या घरांत पोचेल.